‘गेट बाय’, ‘गेट ओव्हर’, ‘गेट थ्रू’ : एका क्रियापदाला इतके अर्थ येतात कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताईंचं शिक्षण मराठी माध्यमात झालं. लोअर परळच्या एका कंपनीत त्या हिशेबाचं काम पाहतात. त्यांचं इंग्रजी वाचन चांगलं आहे, पत्रंही बिनचूक लिहितात, पण परदेशातल्या सहकाऱ्यांशी कॉलवर बोलताना ‘गेट’ आलं की त्या अडतात. ‘गेट’ची भलीमोठी यादी त्यांनी पाठ केली आणि आठवड्याभरात ती विसरूनही गेल्या. दुसरं, ‘आय गेट डाउन ॲट दादर’ असं म्हटल्यावर लंडनच्या एका सहकाऱ्याने ‘गेट ऑफ’ अशी दुरुस्ती केली. आपलं चुकलं का, आणि हे सगळं शिकायची काही रीत आहे का, असं त्यांनी विचारलं आहे.

रीत आहे. मी दादरला संध्याकाळच्या वर्गात नोकरदारांना इंग्रजी शिकवते. तिथे बँकेतले लोक येतात, परिचारिका येतात, दुकान सांभाळणारे येतात, आणि बहुतेकांच्या वहीत अशी एक यादी असतेच. ती लक्षात राहत नाही याचं कारण स्मरणशक्तीत नाही, यादीच्या मांडणीत आहे. यादीत ‘गेट’ हा शब्द दरवेळी डावीकडे ठळक असतो आणि अर्थ ठरवणारा छोटा शब्द त्याच्यामागे दबून गेलेला असतो. नजर ‘गेट’वर खिळते. खरं काम मात्र ‘ओव्हर’, ‘थ्रू’, ‘बाय’, ‘ऑफ’ हे शब्द करत असतात.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना हा श्लोक आठवेल: ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते। प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्॥’ उपसर्ग धातूचा अर्थ जबरदस्तीने दुसरीकडे ओढून नेतो. धातू एकच, ‘हृ’, म्हणजे नेणं. पण प्रहार म्हणजे मारणं, आहार म्हणजे खाणं, विहार म्हणजे हिंडणं. संस्कृत न शिकलेला मराठी माणूससुद्धा हे शब्द रोज वापरतो आणि त्यांच्यात कधी गोंधळत नाही. इंग्रजीतही हेच घडतं, एवढाच फरक की तिथे हा छोटा शब्द क्रियापदाच्या मागे येतो आणि सुटा राहतो. वेदातल्या संस्कृतात उपसर्गसुद्धा सुटा असायचा, क्रियापदापासून चार शब्द लांबही उभा राहायचा. म्हणजे सुटेपणाही काही अजब नाही.

इंग्रजीत पूर्वी असे शब्द पुढेही लागत. ‘फरगेट’ म्हणजे विसरणं, हा शब्द पाहा. त्यात पुढे ‘फर’ आहे आणि मागे हेच आपलं ‘गेट’, ज्याचा जुना अर्थ हातात येणं, पकडणं. पकडलेलं सुटलं की विसरलं. सुटं ‘गेट’ मात्र इंग्रजीत आलं ते डेन्मार्क-नॉर्वेकडच्या लोकांच्या बोलीतून. नवव्या शतकापासून ते इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात वस्ती करून राहिले, आणि त्यांचं ‘गेता’ हे क्रियापद इंग्रजांच्या तोंडी बसलं. पुढे 1066 नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर फ्रेंच आणि लॅटिन शब्दांचा लोंढा आला. दरबारात, कोर्टात, चर्चमध्ये ते जड शब्द चालले. घरात, शेतात, बाजारात लोकांनी आपली आखूड क्रियापदं टिकवली आणि त्यांच्यामागे छोटे शब्द जोडून नवे अर्थ काढले. म्हणून पुस्तकातून इंग्रजी शिकलेल्याला ‘पोस्टपोन’ आणि ‘टॉलरेट’ आधी येतात, आणि ‘पुट ऑफ’ आणि ‘पुट अप विथ’ला तो बिचकतो. सॅम्युअल जॉन्सनने 1755 साली आपला इंग्रजी कोश काढला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलं की परक्या माणसाला सगळ्यात जास्त अवघड जातं ते हेच, क्रियापदाला जोडलेल्या या बारक्या शब्दांनी बदलणारे अर्थ. तेव्हा ही अडचण तुमच्या एकटीची नाही आणि आजची तर मुळीच नाही.

आता ‘गेट’कडे. मराठीत त्याला एक शब्द नाही. ‘गेट अ जॉब’मध्ये मिळणं, ‘गेट वेट’मध्ये भिजणं, ‘गेट होम’मध्ये पोहोचणं. पण तिन्हीत एक गोष्ट सारखी आहे. आधी एक अवस्था होती, आता दुसरी आहे, आणि मधे थोडीफार हालचाल किंवा खटपट झाली. मागे छोटा शब्द लागला की ‘गेट’मध्ये एवढंच उरतं: हलणं, आणि बहुधा थोडं प्रयत्नाने हलणं. कुठून, कुठे, कशावरून, कशामधून, ते मागचा शब्द सांगतो.

‘ओव्हर’ घ्या. मधे भिंत आहे, तुम्ही तिच्यावरून पलीकडे गेलात: ‘गेट ओव्हर द वॉल’. आता भिंतीच्या जागी आजारपण ठेवा, मोडलेलं लग्न ठेवा, नोकरी गेल्याचा धक्का ठेवा. ‘शी गॉट ओव्हर मलेरिया’ म्हणजे ती मलेरियातून उठली. ‘ही नेव्हर गॉट ओव्हर हिज फादर्स डेथ’ म्हणजे वडील गेल्याचं दुःख त्याला कधी ओलांडताच आलं नाही. इथे आपण ‘सावरणं’ म्हणतो. इंग्रजी माणसाला मधला अडथळा दिसतो.

‘थ्रू’मध्ये वरून जाता येत नाही, आतूनच जावं लागतं. सकाळी साडेआठला अंधेरीच्या पुलावरच्या गर्दीतून वाट काढणं म्हणजे ‘गेट थ्रू द क्राउड’. परीक्षेतून पार पडणं, मार्चअखेरचा आठवडा निभावून नेणं, दिवसभरात दोनशे पावत्या हातावेगळ्या करणं, या सगळ्याला ‘गेट थ्रू’ चालतं. फोन लागणं हेही तेच: ‘आय कुडन्ट गेट थ्रू’ म्हणजे लाइन लागलीच नाही. आणि एखाद्याला कितीही सांगा, डोक्यात शिरत नाही, तेव्हा ‘आय कान्ट गेट थ्रू टू हिम’. शब्द आत पोहोचतच नाहीत. ‘ओव्हर’ आणि ‘थ्रू’ यांतला फरक एकदा डोळ्यांसमोर आला की ‘गेट ओव्हर द एक्झॅम’ आणि ‘गेट थ्रू द एक्झॅम’ यांत गल्लत होत नाही. पहिल्यात परीक्षेने दिलेल्या धक्क्यातून सावरणं आहे, दुसऱ्यात परीक्षा पास होणं.

‘बाय’ मला या सगळ्यांत जवळचा वाटतो. ‘बाय’ म्हणजे बाजूने. अडचण हटलेली नाही, तुम्ही तिला ओलांडलेलंही नाही, तिच्या कडेने अंग चोरून निघालात. म्हणून ‘वी गेट बाय ऑन वन सॅलरी’ म्हणजे एका पगारात कसंबसं भागवतो. ‘आय नो इनफ गुजराती टू गेट बाय’ म्हणजे कामापुरती गुजराती येते. या शहरातल्या कित्येक घरांचा महिना या दोन शब्दांत येतो. आपल्या ‘भागवणं’, ‘निभावणं’ला इतकं जवळचं इंग्रजी दुसरं सापडत नाही, तेव्हा हे जरूर वापरत जा.

‘अक्रॉस’ म्हणजे या काठावरून त्या काठावर. रस्ता ओलांडतानाही तेच, आणि म्हणणं समोरच्यापर्यंत पोहोचवतानाही तेच: ‘आय कुडन्ट गेट माय पॉइंट अक्रॉस’. ‘ॲट’ म्हणजे नेमकी जागा, तिथपर्यंत हात पोहोचणं. ‘व्हॉट आर यू गेटिंग ॲट?’ म्हणजे तुमच्या बोलण्याचा रोख कुठे आहे? हे कॉलवर कुणी म्हणालं तर तो रागावलाच असेल असं नाही. खुलासा विचारण्याचीही ती रीत आहे, आवाजावरून ओळखायचं. ‘आउट ऑफ’ म्हणजे बाहेर पडणं, आणि त्यावरून अंगावरचं काम टाळणं. ‘अवे विथ’मध्ये दोन शब्द आहेत आणि दोन्ही आपापलं काम करतात: ‘अवे’ म्हणजे पसार, ‘विथ’ म्हणजे सोबत घेऊन. चोर माल घेऊन पळाला तरी ‘गॉट अवे विथ’, आणि एखाद्याने चूक केली पण त्याला कुणी जाब विचारला नाही तरी ‘ही गॉट अवे विथ इट’. केलेलं पचलं.

काही जोड्या मात्र अशा उकलत नाहीत. ‘द चिल्ड्रन आर गेटिंग अप टू समथिंग’ म्हणजे पोरांचं काहीतरी उपद्व्याप चाललेत. यात ‘अप’ आणि ‘टू’ कितीही उलगडून पाहिले तरी खोड्या दिसत नाहीत. ‘ही इज गेटिंग ऑन’ म्हणजे त्याचं वय होत चाललंय, हेही तसंच. अशा थोड्या जोड्या सरळ पाठ कराव्या लागतात. पण त्या थोड्याच आहेत.

आता उतरण्याबद्दल. आपण मराठीत गाडीतून ‘उतरतो’, आणि उतरणं म्हणजे खाली येणं, म्हणून ‘गेट डाउन’ अगदी सहज तोंडात येतं. देशभर तसंच बोललं जातं, ते भारतीय इंग्रजीत मुरलेलं आहे आणि इथे कुणाचा त्यावरून गैरसमज होत नाही. दादरला डब्यात कुणी ‘आर यू गेटिंग डाउन?’ विचारलं तर त्याला दुरुस्त करत बसू नका, वाट द्या. ब्रिटिश माणसाला मात्र ‘गेट डाउन’ ऐकून शिडीवरून किंवा झाडावरून खाली येणं आठवतं, नाहीतर वाकणं, खाली लपणं. त्याच्या लेखी गाडीपासून तुम्ही वेगळे होता, सुटता, म्हणून ‘ऑफ’. रेल्वेची छापील भाषा या दोन्हींऐवजी ‘अलाइट’ म्हणते, पण ते बोलण्यात कुणी वापरत नाही. परदेशी सहकाऱ्याशी बोलताना आणि आयेल्ट्ससारख्या परीक्षेत ‘गेट ऑफ’ म्हणा. ‘गेट डाउन’ला मी चूक म्हणणार नाही, ऐकणारा बदलला की शब्द बदलायचा, एवढंच.

चढण्याचंही असंच. ट्रेन, बेस्टची बस, गेटवेहून सुटणारी मोठी लाँच, विमान, यांत उभं राहून चार पावलं चालता येतं, म्हणून ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. टॅक्सीत आणि रिक्षात वाकून शिरावं लागतं आणि बसूनच राहावं लागतं, म्हणून ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. छोट्या होडीलाही ‘इन’. स्कूटरवर शिरायला आत असं काही नसतं, पाय टाकून वर बसायचं, म्हणून पुन्हा ‘ऑन’. ‘आय गॉट आउट ऑफ द टॅक्सी ॲट चर्चगेट अँड गॉट ऑन अ बस’ हे वाक्य दोन-तीनदा मोठ्याने म्हणा. आणि दारात उभ्या माणसाला ‘जरा जाऊ द्या’ म्हणायचं असेल तर ‘कॅन आय गेट पास्ट?’

इथवर अर्थाचं झालं. वाक्यात हा छोटा शब्द कुठे उभा राहतो, हा भाग जास्त महत्त्वाचा आहे, कारण चुका तिथेच होतात आणि ते शिकवताना बहुतेक वेळा घाईत उरकलं जातं.

शाळेतलं मराठी व्याकरण इथे उपयोगी पडतं. ‘मांजर वर गेलं’ यात ‘वर’ क्रियाविशेषण अव्यय. ‘मांजर कपाटावर गेलं’ यात तेच ‘वर’ शब्दयोगी अव्यय, कारण ते कपाटाला चिकटलंय. मराठीत चिकटलेलं डोळ्यांना दिसतं. इंग्रजीत दोन्ही वेळा शब्द सुटाच दिसतो, म्हणून तो कुणाचा आहे हे आपल्याला शोधावं लागतं. ‘गेट ऑफ द ट्रेन’ आणि ‘गेट द लिड ऑफ’ पाहा. पहिल्यात ‘ऑफ’ गाडीचा आहे, ‘गाडीवरून’. तुम्ही हलता, गाडी नाही. दुसऱ्यात ‘ऑफ’ क्रियापदाचा आहे. डब्याचं झाकण हलतं, तुम्ही ते हलवता.

याची चाचणी म्हणजे नामाच्या जागी ‘इट’ घालून पाहायचं. गाडीसाठी ‘गेट ऑफ इट’. झाकणासाठी ‘गेट इट ऑफ’. दुसऱ्या प्रकारात ‘इट’, ‘देम’, ‘हिम’ हे सर्वनाम नेहमी मधेच बसतं, शेवटी कधीच नाही. कपड्यावरचा हळदीचा डाग निघत नसेल तर ‘आय कान्ट गेट इट आउट’. ‘गेट आउट इट’ असं कुणीही म्हणणार नाही. ‘गेट माय पॉइंट अक्रॉस’चं ‘गेट इट अक्रॉस’ होतं, पण रस्ता ओलांडताना ‘गेट अक्रॉस इट’. ही चाचणी ‘गेट’पुरती नाही. ‘लुक ॲट इट’ पण ‘लुक इट अप’, ‘वेट फॉर इट’ पण ‘स्विच इट ऑफ’. याच कारणाने ‘ऑफ द फॅन’ हे मुंबईत सर्रास ऐकू येणारं वाक्य बाहेरच्या माणसाला अर्धवट वाटतं. त्यात क्रियापदच नाही. ‘टर्न इट ऑफ’ म्हणा.

या दोन वाक्यांवर मी वर्गात अख्खा एक तास घालवते: ‘गेट ओव्हर इट’ आणि ‘गेट इट ओव्हर विथ’. पहिलं म्हणजे त्यातून सावर, सोडून दे. दुसरं म्हणजे नकोसं काम एकदाचं उरकून टाक, जसं दात काढून घेणं किंवा साहेबांना वाईट बातमी सांगणं. शब्द जवळजवळ तेच आहेत, ‘इट’ची जागा बदलली आणि अर्थ पार बदलला. दुःखात असलेल्या माणसाला पहिलं म्हणू नका. ऐकायला ते फार कोरडं लागतं, ‘आता पुरे झालं’ असं.

आघातानेही हाच भेद कळतो. क्रियापदाचा छोटा शब्द जोरात उच्चारतात: ‘लुक इट अप’मध्ये जोर ‘अप’वर. नामाचा असेल तर तो दबका राहतो: ‘लुक ॲट इट’मध्ये जोर ‘लुक’वर, ‘ॲट’ जेमतेम ऐकू येतो. आपण मराठी माणसं प्रत्येक शब्द सारख्याच वजनाने उच्चारतो, त्यामुळे समोरच्याला कधीकधी दोनदा विचारावं लागतं.

आणि ऐकताना अडण्याचं मोठं कारण अर्थात नाही, उच्चारात आहे. अमेरिकन माणूस दोन स्वरांमधला ‘ट’ जिभेच्या टोकाने नुसता चाटून सोडतो आणि तो आपल्या ‘ड’च्या जवळ जातो. ‘गेट अप’चं ‘गेडप’, ‘गेट इट ओव्हर विथ’चं ‘गेडिडोव्हर विथ’, ‘गेट आउट ऑफ’चं ‘गेडाउडव’. कागदावर येणारे हे शब्द कानांना ओळखूच येत नाहीत. तेव्हा वाचून नाही, ऐकून आणि पाठोपाठ बोलून सराव करा.

‘अप’बद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे दिशा शोधत बसलं की फसगत होते. ‘ईट अप’, ‘टेअर अप’, ‘यूज अप’ यांत वर काहीच जात नाही, काम पुरं होतं. मराठीत हे काम दुसरं क्रियापद करतं: खाऊन टाक, फाडून टाक, संपवून टाक. ‘टाकणं’ इथे फेकणं नाही, हे तुम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. तसंच ‘राइट डाउन’ म्हणजे लिहून घे आणि ‘गो अवे’ म्हणजे निघून जा. इंग्रजीतला मागचा छोटा शब्द समजेना झाला की मराठीत त्या जागी कुठलं दुसरं क्रियापद येईल, ते स्वतःला विचारा. बऱ्याचदा अर्थ लगेच हाती लागतो.

यादी करायचीच असेल तर उलटी करा. एका पानावर फक्त ‘ऑफ’: गेट ऑफ, टेक ऑफ, स्विच ऑफ, पुट ऑफ, कॉल ऑफ, ड्रॉप ऑफ. सगळीकडे काहीतरी सुटतंय, तुटतंय, लांब जातंय. दुसऱ्या पानावर फक्त ‘थ्रू’. प्रत्येक जोडीपुढे तुमच्या स्वतःच्या दिवसातलं एक वाक्य लिहा, पुस्तकातलं नको.

ऑफिसमधलं एक सांगायलाच हवं. आपल्याकडे ईमेलच्या शेवटी ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहायची पद्धत आहे. भारतात ते समजतं, पण ब्रिटन-अमेरिकेत ‘रिव्हर्ट’ म्हणजे पूर्वस्थितीला जाणं, आणि वाचणारा क्षणभर थबकतो. तिथे ‘प्लीज गेट बॅक टू मी बाय फ्रायडे’ लिहा. हे अनौपचारिक वाटेल अशी भीती बाळगू नका, कामकाजाच्या पत्रव्यवहारात ते पूर्णपणे चालतं. फक्त ‘टू’ सोडू नका. ‘गेट बॅक ॲट मी’ झालं की अर्थ सूड उगवण्याचा होतो.

हा ‘टू’ आणखी एका ठिकाणी त्रास देतो. ‘गेट डाउन टू’ म्हणजे कामाला लागणं, ‘गेट राउंड टू’ म्हणजे बरेच दिवस राहिलेल्या कामाकडे शेवटी वळणं, ‘गेट यूज्ड टू’ म्हणजे सवय होणं. तिन्हीतला ‘टू’ शब्दयोगी आहे, ‘कडे’सारखा, ‘टू गो’मधला नाही. म्हणून त्याच्यापुढे क्रियापद आलं तर ते ‘इंग’ लावूनच येतं. ‘आय फायनली गॉट राउंड टू फायलिंग द रिटर्न्स.’ ‘लेट्स गेट डाउन टू चेकिंग द व्हाउचर्स.’ ‘आय हॅव गॉट यूज्ड टू स्टँडिंग ऑल द वे फ्रॉम विरार.’ शंका आली तर ‘टू’पुढे एखादं नाम घालून पाहा: ‘गेट यूज्ड टू द क्राउड’ चालतं, म्हणजे ‘गेट यूज्ड टू ट्रॅव्हलिंग’ बरोबर, ‘गेट यूज्ड टू ट्रॅव्हल’ नाही. ‘लुक फॉरवर्ड टू’लाही हाच नियम आहे, तेव्हा पत्राच्या शेवटी ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’ लिहा.